2008 ची वॅगन-आर : इंजिनाखाली पडणारे ऑइल नेमके कोठून येते, हे कसे ठरवावे?

प्रश्न (अमळनेर)

घरची वॅगन-आर 2008 सालची आहे. 1061 सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, टायमिंग बेल्ट असलेले. 2023 मध्ये पंधरा वर्षे पूर्ण झाली तेव्हा वाढीव शुल्क आणि पर्यावरण कर भरून फेरनोंदणी करून घेतली असल्याने 2028 पर्यंत ही गाडी ठेवायची, असे घरात ठरलेले आहे. धरणगावमार्गे जळगावला नेहमीचे जाणे-येणे असते आणि अधूनमधून चाळीसगावच्या पुढचा कन्नड घाट चढून संभाजीनगरला जावे लागते. इंजिनाची ओढ चांगली आहे, वेगळा आवाज नाही आणि ॲव्हरेजही वयाच्या मानाने ठीक आहे.

तक्रार अशी की, रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी फरशीवर काळपट ऑइलचे आठ-दहा थेंब पडलेले असतात. दोन सर्व्हिसच्या दरम्यान, म्हणजे साधारण पाच हजार किलोमीटरमध्ये, ऑइल मोजण्याच्या पट्टीवरची पातळी वरच्या खुणेवरून जवळजवळ खालच्या खुणेपर्यंत उतरते. घाट चढून आल्यावर किंवा रेल्वे फाटकापाशी गाडी बराच वेळ चालू ठेवली तर ऑइल जळाल्याचा वास येतो. इंजिनाच्या खालच्या अंगावर काळ्या मातीची धूळ आणि ऑइल मिळून जाड थर बसलेला आहे, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना काही उमगत नाही. ऑइल प्रेशरचा लाल दिवा मात्र आजपर्यंत चालत्या गाडीत कधी लागलेला नाही.

एका गॅरेजमध्ये सांगितले की, इंजिन आणि गिअरबॉक्स जेथे जोडलेले असतात तेथून थेंब पडतो, म्हणजे मागचे क्रँक ऑइल सील (क्रँकशाफ्टच्या टोकाभोवतीचे, ऑइल अडवणारे रबरी कडे) गेले. गिअरबॉक्स उतरवावा लागेल आणि उतरवलाच तर क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेटही बदलून टाकावी. दुसऱ्या ठिकाणी सांगितले की, एवढा खर्च करू नका, जाड ऑइल टाका, गळती आपोआप कमी होईल. दोघांपैकी कोणीही गाडी धुऊन पाहिलेली नाही. गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी गळती नेमकी कोठून आहे, हे खात्रीने ठरवण्याची काही रीत आहे काय? जाड ऑइलाच्या सल्ल्यात कितपत तथ्य आहे, तेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर (भुसावळ, निवृत्त फिटर)

भाऊ, ज्या जागी थेंब टपकतो त्या जागेवरून गळतीचा निवाडा करू नये. ऑइल वर कोठेतरी निघते, इंजिनाच्या अंगावरून ओघळत खाली येते, चालत्या गाडीत समोरच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते आणि शेवटी सर्वांत खालच्या कडेला, एखाद्या बोल्टच्या डोक्याला किंवा चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्याच्या) कोपऱ्याला येऊन लोंबते. आपल्या गाडीत इंजिन आडवे बसवलेले असून गिअरबॉक्स त्याच्या एका बाजूला आहे. त्या दोहोंच्या सांध्यावर वरून आलेले कोणतेही ऑइल जमा होऊ शकते. त्यामुळे तेथे ओल दिसणे हा मागचे सील गेल्याचा पुरावा होत नाही. ते गेलेले असूही शकते. परंतु ते सर्वांत महागडे निदान असल्याने बाकीच्या जागा तपासून झाल्याशिवाय स्वीकारू नये.

आधी द्रव कोणता आहे ते ठरवा. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरा आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेन्सिलीने खुणा करून ठेवा, म्हणजे थेंब इंजिनाच्या कोणत्या भागाखाली पडतो ते कळेल. इंजिन ऑइल तपकिरी किंवा काळे आणि बोटावर पातळ लागते. गिअर ऑइल त्याहून जाड असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. तो एकदा घेतला की विसरत नाही. कूलंट पाण्यासारखे असून रंगीत आणि गोडसर वासाचे असते, तर एसीचे पाणी हे निव्वळ पाणीच असते. ब्रेक ऑइल फिकट पिवळे, निसरडे असते आणि रंगावर पडले तर रंग सोडवते. ते चाकाजवळ दिसले तर ऑइलची चौकशी बाजूला ठेवून गाडी त्याच दिवशी दाखवावी.

त्यानंतर इंजिन धुवावे, कारण आपल्याकडच्या काळ्या मातीची पूड आणि ऑइल यांचा जो थर बसतो त्याखाली जुनी, बंद झालेली गळती आणि आजची चालू गळती सारखीच दिसते. फक्त थर काढण्यापूर्वी तो कोठे सर्वांत जाड आहे आणि वर कोठपर्यंत चढलेला आहे, ते मोबाइलवर टिपून ठेवा. ती जागा बहुधा सर्वांत जुन्या गळतीची असते. धुताना इंजिन थंड असावे, अल्टरनेटर, एअर फिल्टरचे तोंड आणि विजेची जोडणी प्लॅस्टिकने झाकावी, डिग्रीझर लावून ब्रशने घासावे आणि बेताच्या दाबाने पाणी मारावे. पुष्कळ ठिकाणी डिझेल फवारून इंजिन धुतात. त्याने मळ सुटतो, पण मागे तेलकट थर राहतो, जो दुसऱ्या दिवशी नव्या गळतीसारखा दिसतो, आणि रबरी नळ्यांनाही डिझेल मानवत नाही.

इंजिन कोरडे झाल्यावर संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर हलक्या हाताने भुरभुरावी आणि गाडी तापेपर्यंत चालवून आणावी. मग बॅटरी घेऊन वरून खाली पाहत यावे. जी सर्वांत वरची ओली जागा असेल तेथून गळती सुरू होते. तिच्या खालचे सर्व ओघळ आहेत. पावडरवर ओलीची रेघ स्पष्ट उमटते. गळती इतकी मंद असेल की पहिल्या फेरीत काही दिसत नाही, तर इंजिन ऑइलमध्ये घालण्याचा चमकणारा रंग मिळतो. तो ऑइलबरोबर टाकून काही दिवस गाडी चालवावी आणि अंधारात अतिनील प्रकाशाच्या बॅटरीने पाहावे. रंग पिवळट-हिरवा चमकतो. वर्कशॉपवाले पुष्कळदा हा खटाटोप टाळतात, कारण त्यात त्यांचा वेळ जातो आणि बिल होत नाही; घरी मात्र तो सहज करता येतो.

पाहण्याच्या जागा अशा. सर्वांत वर ऑइल भरण्याचे झाकण आणि टॅपेट कव्हरची, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या आवरणाची, पॅकिंग. ही रबरी पॅकिंग वर्षानुवर्षे तापून प्लॅस्टिकसारखी कडक होते आणि बहुधा मागच्या बाजूला किंवा कोपऱ्यावर पाझरते, जेथे वरून पाहताना नजर जात नाही. छोटा आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा उपयोगी पडतो. स्पार्क प्लगच्या खड्ड्यांत ऑइल साचले असेल तर तेथील सीलही गेलेले आहे. अनेक जुन्या पेट्रोल गाड्यांत हेडच्या (सिलिंडरांच्या वर बसणाऱ्या भागाच्या) गिअरबॉक्सकडील टोकाला डिस्ट्रिब्युटरची किंवा कॅम सेन्सरची बैठक असते आणि तिच्यात एक ओ-रिंग असते. तेथून पाझरलेले ऑइल थेट गिअरबॉक्सच्या सांध्यावर उतरते आणि क्रँक सीलचा संशय निष्कारण वाढवते. त्याखाली ऑइल प्रेशरचा लाल दिवा लावणारा ऑइल प्रेशर स्विच. त्याचा पितळी किंवा लोखंडी भाग आणि प्लॅस्टिकचा भाग यांच्या मधून ऑइल पाझरते. त्यावरची वायर काढून टोपी आतून ओली आहे काय ते पाहावे. वस्तू स्वस्त, गळती मात्र दाबाखालची, म्हणून इंजिन चालू असतानाच जास्त. मग ऑइल फिल्टरची बैठक, चेंबरची पॅकिंग आणि ड्रेन बोल्टचा वॉशर.

हे सर्व कोरडे निघाले आणि तरीही सांध्याच्या तळाच्या भोकातून थेंब येत राहिला, तरच मागचे सील विचारात घ्यावे. तेव्हाही गिअरबॉक्सच्या तळाचे पत्र्याचे झाकण काढून आत पाहता येते. आतून येणारे ऑइल काळे आणि पातळ असेल तर क्रँकचे सील, जाड आणि उग्र वासाचे असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील. गिअरबॉक्स दोन्ही वेळा उतरवावा लागतो. पण बदलायचे सील वेगळे आहे, आणि चुकीचे बदलले तर तोच खर्च पुन्हा करावा लागतो.

उत्तर (धुळे, गॅरेजचालक)

भुसावळच्या नानांनी दिलेला क्रम योग्य आहे. मी मात्र सील आणि पॅकिंगच्या आधी इंजिनाच्या आतला दाब पाहीन. पिस्टन रिंगच्या फटीतून थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, उतरतो, नव्या इंजिनातही. तो बाहेर काढून पुन्हा इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या मार्गात, नेण्यासाठी पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि त्याची रबरी नळी असते. ती वाट काजळी आणि चिकट गाळाने बुजली की वायूला जाण्यास जागा राहत नाही, आतला दाब वाढतो आणि जेथे रबर सर्वांत दुबळे असेल तेथून ऑइल बाहेर ढकलले जाते. अशा गाडीत एक पॅकिंग नवी टाकली की काही महिन्यांनी गळती दुसऱ्या जागी उघडी पडते. गिऱ्हाईक म्हणते की सुटा भाग खोटा होता, आणि सुटा भाग मात्र बरोबर असतो.

तपासणी सोपी आहे. इंजिन आयडलवर (रेस न देता चालू) ठेवून व्हॉल्व्ह त्याच्या जागेवरून काढा आणि इनटेककडील तोंडावर बोट ठेवा. ओढ जाणवली पाहिजे. बंद इंजिनात व्हॉल्व्ह हातात घेऊन हलवला तर आतला भाग खुळखुळला पाहिजे. नळी चिरलेली किंवा आतून फुगून चिकटलेली नाही ना, ते पाहा. मग आयडलवरच ऑइलचे झाकण उघडून त्यावर ठेवा. किंचित थरथर चालते. परंतु झाकण उडू लागले किंवा धुराचे भपके जोराने येऊ लागले, तर एक तर ही वाट बंद आहे किंवा रिंगा झिजलेल्या आहेत. व्हॉल्व्ह आणि नळी बदलूनही भपके कमी झाले नाहीत तर कॉम्प्रेशन चाचणी (सिलिंडरमधील दाबाची) करून घ्यावी, कारण झिजलेल्या रिंगांच्या इंजिनावर महागडी सीले बसवणे म्हणजे फुटक्या बांधाला वरून माती लावणे.

दुसरी गोष्ट बेल्टच्या बाजूची, आणि या गाडीत ती मी सर्वांत गंभीर मानतो. टायमिंग बेल्टच्या झाकणामागे कॅमशाफ्टचे सील आणि पुढचे क्रँक सील असते. त्यांची गळती बाहेर उशिरा दिसते, तोपर्यंत बेल्ट ऑइलमध्ये भिजत असतो. भिजलेल्या बेल्टचे रबर फुगते, त्याचे थर सुटतात, दात उतरतात आणि बेल्ट रस्त्यात तुटला तर इंजिन जागीच बंद पडते. म्हणून झाकणाचा वरचा भाग उघडून बेल्ट कोरडा आहे काय ते पाहा. बेल्ट बदलण्याची वेळ जवळ आली असेल तर दोन्ही सीले, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप हे त्याच वेळी करून घ्या. तेथपर्यंत पोहोचण्याची मजुरी एकदाच द्यावी लागते. वॅगन-आरमध्ये नंतर आलेल्या के-10 इंजिनात बेल्टऐवजी चेन असल्याने तेथे ही चिंता नाही, पण आपले इंजिन त्याआधीचे आहे.

ऑइल बदलून घेतल्यानंतर गळती सुरू झाली असेल तर आधी फिल्टर पाहा. जुन्या फिल्टरचे रबरी कडे इंजिनाला चिकटून राहते आणि नवा फिल्टर त्यावरच बसवला जातो. दोन कड्यांच्या मधून ऑइल दाबाने बाहेर फेकले जाते आणि हे फार थोड्या वेळात इंजिन रिकामे करू शकते. ड्रेन बोल्टचा वॉशर तर काही रुपयांचा असतो, तरी तो बदलला जात नाही आणि त्याऐवजी बोल्ट जास्त आवळला जातो. असे वारंवार झाले की चेंबरचे आटे जातात.

उत्तर (नंदुरबार)

माझे मत थोडे वेगळे आहे. रात्रीचे दहा थेंब हे दिसायला वाईट दिसतात, पण हिशोब करून पाहा. साधारण वीस-पंचवीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. म्हणजे रात्रीला अर्धा मिलिलिटर आणि महिन्याला पंधरा मिलिलिटर. सहा महिन्यांत शंभर मिलिलिटरही होत नाही. पट्टीवरच्या दोन खुणांमधील अंतर बहुतेक गाड्यांत एक लिटरच्या आसपास असते. आपले ऑइल तेवढे कमी होत असेल तर फरशीवरच्या डागांतून त्याचा दहावा भागही गेलेला नाही. उरलेले ऑइल गाडी चालत असताना दाबाखाली गळते आहे किंवा सिलिंडरमध्ये जळते आहे. फरशी स्वच्छ झाली म्हणजे ऑइल कमी होणे थांबेल, असे समजू नये.

शिवाय पाच हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल हा या वयाच्या इंजिनासाठी काही भयंकर आकडा नाही. हजार किलोमीटरला एक लिटर लागले तरी ते मर्यादेत आहे असे सांगणारे उत्पादक आहेत. दोन-तीन वर्षेच गाडी ठेवायची असेल तर गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीत किती लिटर ऑइल येईल याचा विचार करावा. दर आठवड्याला सपाट जागेवर, इंजिन थंड असताना पट्टी पाहावी, डिकीत त्याच दर्जाच्या ऑइलचा डबा ठेवावा आणि गाडी वापरावी. जुन्या गाडीने एक थेंबही टाकू नये, हा हट्ट मला खर्चिक वाटतो.

उत्तर (भुसावळ, निवृत्त फिटर)

नंदुरबारच्या भाऊंचा हिशोब बरोबर आहे आणि तो मी माझ्या उत्तरात द्यायला हवा होता असे कोणी म्हणाले तर मान्य आहे. परंतु गळती सोसावी की नाही, हे ऑइल किती जाते यापेक्षा ते कोठे पडते यावर ठरते. चेंबरच्या पॅकिंगमधून फरशीवर पडणारा थेंब खुशाल सोसावा. टायमिंग बेल्टवर, क्लचवर, अल्टरनेटरवर किंवा इंजिन माउंटिंगच्या रबरावर पडणारा सोसू नये. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (सिलिंडरमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पडणारा तर मुळीच सोसू नये, कारण तेथे पेट घेण्याचा धोका असतो. प्रश्नकर्त्यांना फाटकापाशी जळका वास येतो, याचा अर्थ काही ऑइल मॅनिफोल्डपर्यंत किंवा सायलेन्सरच्या पाइपपर्यंत पोहोचते आहे. त्यामुळे डबा डिकीत ठेवून भागणार नाही. मागचे क्रँक सील मंद पाझरत असेल, क्लच घसरत नसेल, तर मात्र तो खर्च पुढच्या क्लच बदलीपर्यंत लांबवण्यास माझीही हरकत नाही. क्लचची परीक्षा अशी: मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगावरून जोराने रेस द्यावी, इंजिनाचा आवाज चढला आणि वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे.

ऑइल गळते की जळते, हे ओळखायला कन्नड घाट चांगला आहे. घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्येच गाडी आणावी. त्या वेळी इनटेकमध्ये ओढ वाढलेली असते आणि व्हॉल्व्ह स्टेम सील (हेडमधील व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची रबरी सीले) कडक झाली असतील तर त्यांतून ऑइल आत खेचले जाते. खाली आल्यावर पुन्हा रेस देताच मागून निळसर धुराचा लोट निघाला, तर स्टेम सील गेलेली आहेत. चढावर जोर लावताना सतत निळा धूर येत असेल तर संशय रिंगांकडे जातो. मागे दुसऱ्या गाडीत कोणाला तरी बसवून पाहायला सांगावे. आरशात हा धूर नीट दिसत नाही.

आता जाड ऑइल. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, म्हणून उन्हाळ्यात जाड ऑइलच लागते, अशी पक्की समजूत आहे. चालत्या इंजिनात मात्र थर्मोस्टॅट आणि पंखा मिळून कूलंटचे तापमान जवळपास एका पातळीवर ठेवतात आणि तापलेले ऑइल हिवाळ्यातही शंभर अंशांच्या आसपासच असते. कूलिंग धड असेल तर बाहेरचे 45 अंश ऑइलमध्ये तसेच्या तसे मिळवले जात नाहीत. उन्हाचा खरा मार रबरावर बसतो: तापलेले इंजिन बंद करून गाडी उन्हात लावली की बोनेटखालची उष्णता निघून जात नाही, आणि असे वर्षानुवर्षे झाले की नायट्राइल रबराची सीले कडक होतात, त्यांची धार शाफ्टवर टेकत नाही. जाड ऑइल त्या फटीतून जरा हळू येते एवढेच. आतला दाब वाढलेला असेल तर तेही होत नाही. उलट पहाटे इंजिन सुरू करताना ते टॅपेटपर्यंत पोहोचायला वेळ घेते. गाडीच्या पुस्तिकेत एकापेक्षा अधिक ग्रेड दिलेले असतात. त्यांपैकी जाड बाजूचा घेण्यास हरकत नाही, त्यापलीकडे जाऊ नये.

गळती थांबवणारे म्हणून जे द्रव विकले जातात ते कडक रबर थोडे फुगवून मऊ करतात. शाफ्टच्या सीलवर त्यांचा काही काळ गुण येतो. तुटलेल्या पॅकिंगला किंवा सैल बोल्टला त्यांचा उपयोग नाही.

प्रश्नकर्त्याकडून (अमळनेर)

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे इंजिन धुऊन, पावडर लावून पाहिले. थर काढण्यापूर्वीच्या छायाचित्रांत तो टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेपासून गिअरबॉक्सच्या बाजूने खाली उतरलेला स्पष्ट दिसतो. जळगावपर्यंत जाऊन आल्यावर कव्हरच्या गिअरबॉक्सकडील कोपऱ्यात पावडर भिजली होती आणि तेथून निघालेली रेघ थेट त्या सांध्यापर्यंत गेली होती. प्रेशर स्विचच्या वायरची टोपीही आतून ओली निघाली. टायमिंग बेल्टचे झाकण वरून उघडून पाहिले. बेल्ट कोरडा आहे. तळाचे पत्र्याचे झाकण काढल्यावर आत धूळ होती, ओल नव्हती. म्हणजे निदान आज तरी गिअरबॉक्स उतरवण्याचे कारण दिसत नाही.

पीसीव्ही व्हॉल्व्ह मात्र हलवला तर खुळखुळत नाही आणि त्याची नळी दाबल्यावर चिरा दिसतात. झाकण ठेवून केलेल्या चाचणीत धुराचे भपके होते. घाटाची परीक्षा अजून व्हायची आहे. व्हॉल्व्ह, नळी, टॅपेट कव्हरची पॅकिंग आणि स्विच असे चारही एकदम घेत आहे. आता शंका एवढीच की, येथील मिस्तरी पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन पेस्ट भरून लावू म्हणतात. तसे करावे काय?

उत्तर (धुळे, गॅरेजचालक)

दोन्ही बाजूंना भरून लावू देऊ नका. ही पॅकिंग रबराची असून ती दाबली जाऊन स्वतः बंद होईल अशीच बनवलेली असते. तिच्यावर पेस्टचा थर आला की ती बोल्ट आवळताना घसरते आणि कोपऱ्यातून बाहेर येते. शिवाय आतल्या बाजूला निघालेले पेस्टचे तुकडे सुटून चेंबरमध्ये पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. तेथे जाळी बुजली तर जे नुकसान होईल त्यापुढे ही गळती काहीच नाही. पेस्ट फक्त तेथे, बोटाच्या टोकावर मावेल एवढी, लावावी जेथे हेडच्या कडेला दोन भागांचा सांधा किंवा अर्धगोल वळण येते आणि पॅकिंगला अचानक दिशा बदलावी लागते. लावल्यानंतर डब्यावर दिलेला वेळ ती सुकू द्यावी; इंजिन लगेच सुरू करू नये.

खरा वेळ जुनी पॅकिंग काढून बैठक साफ करण्यात गेला पाहिजे. हेड ॲल्युमिनियमचे आहे, म्हणून पात्याने खरवडू नये. प्लॅस्टिकची पट्टी वापरावी आणि शेवटी ब्रेक क्लीनरने पुसून कोरडे करावे, कारण तेलकट पृष्ठभागावर नवी पॅकिंगही पाझरते. कव्हर सपाट काचेवर ठेवून ते वाकलेले नाही ना, ते पाहा. गळती दिसली की बोल्ट आणखी आवळण्याची सवय सर्वत्र आहे आणि बहुतेक कव्हरे त्यानेच वाकतात. हे बोल्ट लहान असतात. अशा 6 मिलिमीटरच्या बोल्टांना साधारण 10 न्यूटन-मीटर, म्हणजे छोट्या पान्याने मनगटाचा जोर, एवढे पुरते. मधल्या बोल्टपासून सुरुवात करून आडवे-उभे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावे. बोल्टखाली रबरी वॉशर असतील तर तेही नवे घालावे. कव्हर उघडलेलेच आहे तर स्पार्क प्लगच्या खड्ड्यांची सीलेही त्याच वेळी बदला. ती पॅकिंगच्या संचात बहुधा मिळतात.

प्रेशर स्विच बसवताना त्याच्या आट्यांवर सीलंट थोडेच लावा, पहिले दोन आटे मोकळे सोडा आणि अति जोर देऊ नका, कारण ते आटे निमुळते असतात आणि जास्त आवळल्यास बैठकीला तडा जातो. काम झाल्यावर पातळी पाहून इंजिन सुरू केल्यानंतर लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास इंजिन लगेच बंद करून वायर आणि पातळी पुन्हा पाहावी.

पीसीव्हीचे काम पॅकिंगच्या आधी किंवा निदान त्याच दिवशी व्हावे. भपके कमी झाले की नाहीत, ते नवा व्हॉल्व्ह बसवून गाडी नीट तापल्यावर पाहा, थंड इंजिनावर नव्हे. त्यानंतर कन्नड घाट उतरताना निळा धूर आला तर स्टेम सीलचा विचार करू. ते काम कुशल हातांनी हेड न उतरवताही होते, पण त्याची घाई नाही. पुढच्या ऑइल बदलीच्या वेळी तळाचे ते पत्र्याचे झाकण पुन्हा उघडून आत धूळच आहे ना, तेवढे मात्र पाहून घ्या.